उजनी उणे ५० टक्के : धरणाच्या साठ्याच्या चित्रांची 'डिझाइन स्पेस' कशी बांधावी, आणि ती चांगली आहे हे कसं ठरवावं?

आकडेमोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात सोलापुरात कुणी कुणाला भेटलं की तापमानानंतरचा दुसरा आकडा भीमेवरच्या उजनी धरणाचा असतो. "किती उणे झाली?" बाहेरगावच्या पाहुण्याला हा प्रश्नच कळत नाही. धरणात उणे पाणी कसं असेल?

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट). त्यातला ६३.६६ टीएमसी मृत साठा, म्हणजे तळाकडचं, नेहमीच्या वापरात न धरलेलं पाणी, आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त. रोज जाहीर होणारे टक्के फक्त उपयुक्त साठ्याचे असतात. पाणी मृत साठ्याच्या रेषेवर आलं की शून्य, त्याखाली गेलं की उणे. २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे ५० च्याही खाली गेला होता, आणि त्याच पावसाळ्यात धरण पूर्ण भरलं.

आता उणे ५० चं गणित मांडून बघा. मृत साठ्यातले जवळपास २७ टीएमसी गेलेले असतात. तरी धरणात सुमारे ३७ टीएमसी शिल्लक असतं, म्हणजे एकूण क्षमतेच्या ३१ टक्के. "उणे ५०" आणि "३१ टक्के शिल्लक" ही दोन्ही विधानं एकाच दिवसाची आणि दोन्ही खरी. पण दोन्हींची चित्रं काढली तर एक बघून पोटात गोळा येतो आणि दुसरं बघून माणूस अंगणात पाइप सोडतो.

गेली काही वर्षं मी उजनीची मिळतील ती चित्रं साठवतोय. वर्तमानपत्रातले आलेख, व्हॉट्सॲपवर फिरणारी निळ्या टाकीची चित्रं, ग्रामपंचायतीच्या फळ्यावरचे खडूचे आकडे, सगळं. सुरुवातीला वाटायचं, यातलं सगळ्यात चांगलं कोणतं ते शोधावं. आता वाटतं की आधी दुसराच प्रश्न विचारायला हवा : असं चित्र काढताना माणसाला एकूण कोणकोणते निर्णय घ्यावे लागतात, आणि प्रत्येक निर्णयात पर्याय किती? या निर्णयांचे अक्ष मांडले की जो पट तयार होतो (प्रत्येक अक्षावरचा एकेक पर्याय जुळवला की त्यातलं एक घर किंवा खण), त्याला या क्षेत्रातले लोक डिझाइन स्पेस म्हणतात.

ही कल्पना जुनी आहे. झाक बर्तां या फ्रेंच नकाशाकाराने १९६७ साली कागदावरच्या खुणेचे बदलता येण्याजोगे गुण मांडले : स्थान, आकारमान, गडद-फिकेपणा, पोत, रंग, दिशा, आकृती. १९८६ मध्ये जॉक मॅकिनले यांनी असे पर्याय जुळवून संगणकाकडून आलेख काढून घेतले. त्यांनी घातलेल्या दोन अटी मला आजही महत्त्वाच्या वाटतात. चित्राने माहितीत आहे तेवढंच सांगावं, जास्तीचं नाही. आणि डोळ्यांना सहज वाचता येईल असं सांगावं.

मी उजनीसाठी चार अक्ष धरलेत. पहिला, शून्य कुठे : धरणाचा तळ, मृत साठ्याची रेष, की गेल्या वर्षी याच तारखेचा साठा. दुसरा, परिमाण : टक्के, टीएमसी, पाणीपातळी मीटरमध्ये, किंवा "किती दिवस पुरेल". तिसरा, काळ : फक्त आजचा दिवस, वर्षभराची रेघ, की अनेक वर्षं सोबत. चौथा, खूण : उंची, क्षेत्रफळ, रंग, नुसता आकडा.

हे अक्ष बरोबर आहेत का, आणि मुळात "बरोबर" कशाला म्हणायचं, यावर तुमची मतं हवी आहेत. चांगलं चित्र कोणतं यावर खूप लिहिलं जातं, पण चांगली डिझाइन स्पेस कोणती यावर आपल्याकडे फारसं बोललं जात नाही.

भीमाकाठ

दादा, विषय एकदम जिव्हाळ्याचा. आमची शेती माढा तालुक्यात. पण एक सांगू का, आम्ही लोक साठा बघतच नाही पावसाळ्यात. आम्ही दौंड बघतो, म्हंजे तिथनं उजनीत येणारं पाणी. रोज सकाळी ग्रुपवर पडतंय, बंडगार्डन इतके क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट), दौंड इतके क्युसेक. पाऊस पुण्याकडं पडायलाय का नाही ते दौंडच्या आकड्यावरून कळतं. दौंड वाढलं की गावात पेढे वाटायचं तेवढं राहतं बगा. तुमच्या चार अक्षांत दौंड कुठं बसतंय?

कोरा_कागद

भीमाकाठ यांनी एका वाक्यात पहिली परीक्षा घेतली. चालू वापरातलं एक चित्र उचललं आणि ते पटात बसत नाही हे दाखवलं.

मी पुण्यात याच विषयात संशोधन करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मानव-संगणक संवादाच्या क्षेत्रात मिशेल बोदुआं-लाफों यांनी २००४ मध्ये कोणत्याही आराखड्यासाठी तीन कसोट्या मांडल्या होत्या, त्या इथे नेमक्या लागू पडतात. पहिली वर्णनाची : जे आधीच अस्तित्वात आहे ते सगळं या अक्षांत सांगता येतं का? दुसरी तुलनेची : दोन पर्यायांतला कोणता कशासाठी सरस, हे ठरवायला पट मदत करतो का? तिसरी निर्मितीची : पट बघून आजवर न सुचलेलं काही सुचतं का? बहुतेक डिझाइन स्पेस पहिल्या कसोटीवर थांबतात. जुनी चित्रं खणात नीट लावली की लेखकाला काम झाल्यासारखं वाटतं. मला तिसरी कसोटी सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिच्याशिवाय ती नुसती वर्गवारी राहते.

आता तुमच्या अक्षांबद्दल. पहिला आणि दुसरा स्वतंत्र नाहीत. "टक्के" म्हटलं की मृत साठ्याचं शून्य त्यात आपोआप येतं, कारण ते उपयुक्त साठ्याचे टक्के आहेत. एका अक्षावर निवड केली आणि दुसऱ्यावरचा निर्णय आपोआप झाला, तर ते दोन अक्ष नाहीतच. मी त्याचे असे तुकडे करेन : शून्य कुठे, आणि टक्के असतील तर कशाचे. एकूण क्षमतेचे, उपयुक्त साठ्याचे, की गेल्या वर्षीच्या साठ्याचे. मग "शून्य तळाशी, टक्के उपयुक्त साठ्याचे" अशी जोडी वेगळी दिसते. त्यात भरलेलं धरण २०० च्या वर जातं, म्हणून ती टाकून द्यायची. पण टाकली का, ते लिहून ठेवायचं.

जॅकार्ड_ग्राफ

शेवटचं वाक्य वाचून लिहावंसं वाटलं. माझा चित्रांच्या शास्त्राशी संबंध नाही, मी चादरीची डिझाइनं काढतो. आता संगणकावर काढतो, पण शिकलो ते ग्राफ कागदावर एकेक घर रंगवत. वडिलांच्या काळी त्या ग्राफवरून पुठ्ठे पंच करून जॅकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रावर, चढवायचे.

आमच्याकडे नवीन पोरगा आला की फुलं, मोर, काय वाटेल ते काढतो. मग त्याला सांगावं लागतं की जॅकार्डला हुक इतकेच, म्हणून नक्षी रुंदीत इतक्या धाग्यांनंतर परत सुरू होणार. ताण्याचा धागा लांबवर मोकळा सुटला तर चादर पहिल्या धुण्यात ओढली जाणार. म्हणजे कागदावर काढता येतं पण मागावर विणता येत नाही, अशी डिझाइनं वेगळी. विणता येतात पण आजवर कुणी विणली नाहीत, ती वेगळी. दोन्ही वहीत कोरीच दिसतात. पण जो या दोन कोऱ्यांत फरक करतो तोच पुढे डिझायनर होतो, बाकीचे जुनी नक्षी उतरवत राहतात.

तुमच्या पटातल्या रिकाम्या घरांचंही तसंच असावं.

आकडेमोड (धागाकर्ता)

जॅकार्डभाऊ, अगदी हेच. याचं एक छापील उदाहरण देतो. २०१७ मध्ये मॅथ्यू ब्रेमर आणि सहकाऱ्यांनी कालरेषांच्या चित्रांची डिझाइन स्पेस प्रसिद्ध केली. तीन अक्ष : कालरेषेचा आकार, मोजपट्टी आणि मांडणी. पहिल्यात पाच पर्याय, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात चार. गुणाकार १०० येतो. त्यातल्या फक्त २० जोड्या उपयोगाच्या म्हणून त्यांनी ठेवल्या. उरलेल्या का गाळल्या याचा विचार त्या कामात आहे, म्हणून ते मला भावतं. नुसते १०० खण दाखवले असते तर भव्य दिसलं असतं, कामाचं झालं नसतं.

भीमाकाठ आणि कोरा_कागद, तुमच्या दोन्ही सूचना घेतो. दौंडचा विसर्ग हा साठा नाही, प्रवाह आहे. म्हणून सगळ्यांच्या आधी एक नवा अक्ष : काय मोजलं. साठा, येणारं पाणी, की जाणारं पाणी. कालवा, बोगदा आणि नदीतून सोडलेलं पाणी तिसऱ्यात जाईल. "टक्के कशाचे" हाही वेगळा अक्ष.

आणि हे करताच एक रिकामं घर डोळ्यात भरलं. "येणारं पाणी" आणि "उपयुक्त साठ्याचे टक्के" यांची जोडी. माझ्या साठवणीत असं एकही चित्र नाही. दौंड नेहमी क्युसेकमध्ये, उजनी नेहमी टक्क्यांत, आणि मधला पूल वाचणाऱ्याने मनातल्या मनात बांधायचा. तो पूल साधा आहे. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. एक क्युसेक दिवसभर वाहिला तर ८६,४०० घनफूट. म्हणजे सुमारे ११,५७४ क्युसेक पूर्ण २४ तास आले की एक टीएमसी. उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, तेव्हा त्याचा एक टक्का भरायला दिवसभर ६,२०० क्युसेक लागतात. दौंडला ३१,००० क्युसेक असतील आणि दिवसभर टिकले तर उजनी ५ टक्क्यांनी वर. सोडलेलं पाणी आणि बाष्पीभवन त्यातून वजा.

भीमाकाठ

६,२०० ला एक टक्का! हे आजपर्यंत कुणी सांगितलं न्हवतं. आम्ही अंदाजानं बोलायचो, "पन्नास हजार आलं म्हणजे लई आलं". आता पन्नास हजार म्हणजे दिवसाला आठ टक्के असं सांगता येतंय. ग्रुपवर टाकू का?

आकडेमोड (धागाकर्ता)

जरूर टाका. फक्त "दिवसभर तेवढाच टिकला तर" हे शब्द सोडू नका. विसर्ग सकाळी एक असतो आणि रात्री दुसराच.

आतलं_पान

मी एका दैनिकात पानं लावतो. उजनीचा चौकट-आलेख बऱ्याचदा माझ्याच हातून जातो, म्हणून कामाच्या बाजूने दोन गोष्टी.

तुमच्या 'खूण' अक्षातला रंग आमच्याकडे अर्ध्याहून जास्त वेळा मरतो. आतलं पान कृष्णधवल. निळं पाणी आणि लाल मृत साठा दोन्ही एकसारखे करडे छापून येतात. व्हॉट्सॲपवर रंग टिकतो, पण बारीक अक्षरं फुटतात. तेव्हा माध्यम हा अक्ष धरा. कागद, फोन, फळा.

आणि धरणाचं चित्र काढून त्यात पाणी दाखवायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही संपादक तेच मागतात. भिंत, मागे पाणी, पाण्याची उंची साठ्याप्रमाणे. वाचकाला आवडतं हे खरं. ते चुकीचं आहे का?

कोरा_कागद

आवडतं यात नवल नाही, आणि आवड हा क्षुल्लक मुद्दाही नाही. लोक थांबून बघतात, हे मोल मोठं आहे. पण त्या चित्रात काय बिघडतं ते बघा.

उजनी ० टक्के असताना पाणीपातळी ४९१.०३ मीटर असते आणि १०० टक्क्यांना ४९६.८३ मीटर. म्हणजे शून्य ते शंभर हा सगळा प्रवास अवघ्या ५.८ मीटरचा. खोरं वर पसरट होत जातं, म्हणून वरच्या मीटरभर पाण्यात जेवढा साठा मावतो तेवढा खालच्या मीटरभरात मावत नाही. आता भिंतीच्या चित्रात पाणी अर्ध्या उंचीवर दाखवलं तर वाचकाने काय समजायचं? अर्धी उंची, अर्धा एकूण साठा, की ५० टक्के उपयुक्त? चित्रात तिन्ही एकाच जागी काढलेले असतात, प्रत्यक्षात तिन्ही वेगळ्या पातळ्या आहेत. मॅकिनले यांची पहिली अट इथेच मोडते, कारण चित्र माहितीत नसलेली गोष्ट सांगायला लागतं.

दुसऱ्या अटीसाठी विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांचा १९८४ चा अभ्यास हाताशी ठेवा. माणूस सगळ्यात अचूक वाचतो ते एकाच पट्टीवरचं स्थान. त्यानंतर लांबी आणि कोन, त्याहून मागे क्षेत्रफळ, आणि रंगाचा गडदपणा सगळ्यात शेवटच्या गटात. तुमच्या खूण-अक्षाला हा क्रम जोडला की पट दुसऱ्या कसोटीला, तुलनेच्या कसोटीला, उतरू लागतो. घर नुसतं "असं काढता येतं" म्हणणार नाही, "असं काढलं तर अचूकता एवढी जाईल" हेही म्हणेल. त्याच खणात "लोक थांबून बघतात" याचीही नोंद ठेवा. दोन्ही खरं आहे.

माध्यमाबद्दल मात्र माझं मत वेगळं. कागद की फोन हा निर्णय चित्र काढणारा घेत नाही, तो त्याच्यावर येतो. तो अक्ष नसून अट आहे. अटी पटाच्या बाहेर लिहाव्यात आणि प्रत्येक अटीखाली कोणती घरं बंद होतात ते दाखवावं.

तिसरी_गल्ली

मी फक्त वाचत होते, पण आता विचारते. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं. मला उजनीच्या टक्क्यांचं काय करायचं? शहराला पाणी उजनीच्या पाइपलाइनमधून येतं, भीमेवरच्या औज-टाकळीहून येतं, थोडं हिप्परग्याच्या तलावातून येतं. धरण शंभर टक्के भरलेलं असतानाही आमच्या गल्लीत पाणी उशिरा आलेलं आहे. ते चित्र बघून माझी सासू म्हणते, एवढं पाणी आहे तर नळाला का नाही? तिला काय उत्तर देऊ?

मग "कोणासाठी" हा तुमचा पहिला अक्ष का नाही?

आकडेमोड (धागाकर्ता)

ताई, या प्रश्नावर मी बराच विचार केला.

"कोणासाठी" अक्ष केला तर काय होईल ते सांगतो. शेतकरी, शहरातली गृहिणी, साखर कारखाना, पाटबंधारे खात्यातला माणूस असे चार पर्याय येतील आणि पट चौपट होईल. पण शेतकऱ्याच्या खणात आणि कारखान्याच्या खणात एकच आलेख दोनदा बसेल. चित्र बदललं नाही, बघणारा बदलला. डिझाइनचे अक्ष चित्राबद्दलच असावेत असं मला वाटतं. माणसांचे प्रश्न पटाच्या शेजारी उभे करायचे, आणि एकेका प्रश्नाने सगळी घरं तपासायची. भीमाकाठांचा प्रश्न आहे "या आवर्तनाला (कालव्याच्या पाण्याच्या पाळीला) पाणी सुटेल का". तुमचा आहे "नळाला कधी येईल". दोघांना एकच घर चालणार नाही, आणि ते पट बघूनच कळायला हवं.

तुमच्या प्रश्नाने सगळी घरं तपासली. एकही पास होत नाही. साठ्याचं कोणतंही चित्र, कितीही नेटकं काढलं तरी, नळाचा दिवस सांगू शकत नाही. तो पाइपलाइनची क्षमता, उपसा, टाक्या आणि वीज यांवर ठरतो. हे सासूबाईंना असंच सांगा : धरण किती भरलंय आणि रोज किती पाणी शहरात आणता येतं हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि चित्र फक्त पहिल्याचं छापून येतं.

माझ्या दृष्टीने पटाने इथे फार मोलाचं काम केलं. जी गोष्ट या चित्रांतून सांगता येतच नाही ती त्याने दाखवून दिली.

तिसरी_गल्ली

हे सांगितलं. त्यांचा पुढचा प्रश्न : मग दुसऱ्याचं चित्र कोण काढणार?

कोरा_कागद

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्याचा वेगळा धागा हवा. त्याचे अक्ष सगळे निराळे असतील, सुरुवात वेळापत्रकापासून होईल.

इकडे एक काम उरलंय. आत्तापर्यंत आपण पट एकट्या धागाकर्त्याच्या नजरेने तपासतोय. अक्ष ज्याने आखले त्याला सगळं नीट बसतानाच दिसतं. म्हणून दोन गोष्टी सुचवते. साठवलेल्या चित्रांतली काही आधीच बाजूला काढा, अक्ष पक्के होईपर्यंत ती उघडायची नाहीत, शेवटी त्यांवर वर्णनाची कसोटी लावायची. आणि तीच चित्रं दोघांनी एकमेकांना न विचारता खणांत टाकायची. दोघांचं किती जुळलं ते मोजायला जेकब कोहेन यांचं १९६० चं कॅपा (kappa) नावाचं माप आहे, ते योगायोगाने जुळलेलं वजा करून देतं. पण मापाहून जास्त शिकवतं ते न जुळलेलं. कुठल्या अक्षावर भांडण झालं ते बघायचं.

जॅकार्ड_ग्राफ

एकजण मी. चित्रं पाठवा.

भीमाकाठ

दुसरा मी. दोघं एकमेकाला फोन करणार नाही, शब्द देतो.

जॅकार्ड_ग्राफ

झालं करून. भीमाकाठांनी आणि मी याद्या धागाकर्त्याला वेगवेगळ्या दिल्या होत्या, आता समोरासमोर ठेवल्या. शून्य, टक्के कशाचे, खूण, यांत जवळजवळ सगळीकडे जुळलं. भांडण एकाच ठिकाणी : काळ. यंदाची रेघ ठळक आणि गेल्या वर्षीची फिकी, एकाच आलेखात. मी त्याला "अनेक वर्षं" म्हटलं. ते म्हणतात "वर्षभराची रेघ", गेलं वर्ष फक्त अंदाजाला आहे.

भीमाकाठ

मग काय, फिकी रेघ कोण वाचतंय? ती सावलीला असते.

कोरा_कागद

दोघांचंही बरोबर, कारण त्या अक्षात दोन निर्णय कोंबलेत. किती काळ दाखवला हा एक. तुलना कशी केली हा दुसरा. तुलनेचे प्रकार मायकेल ग्लायकर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेत : शेजारी शेजारी ठेवणं, एकावर एक ठेवणं, किंवा फरकच थेट काढून दाखवणं. तुमचं भांडणाचं चित्र "वर्षभर" आणि "एकावर एक" असं बसेल, वाद मिटला. आणि तिसरा प्रकार, थेट फरक, उजनीच्या चित्रांत कुणी पाहिलाय का?

आकडेमोड (धागाकर्ता)

माझ्याकडे नाही. बाजूला ठेवलेली चित्रंही आता उघडली, त्यांतही नाही. ती सगळी पटात बसली, एक सोडून : एका गावच्या फळ्यावर साठ्याऐवजी "पुढचं आवर्तन : तारीख ठरायची आहे" एवढंच लिहिलंय. त्याला मी खण करत नाही. तो पाण्याचा आकडाच नाही, कालवा सल्लागार समितीच्या निर्णयाची वाट आहे.

थेट फरकाचं घर मात्र भरून बघितलं. आडवी रेष म्हणजे गेल्या वर्षी त्याच तारखेचा साठा. यंदा जास्त असेल तर दांडी वर, कमी असेल तर खाली. परिमाण टीएमसी. यात 'उणे' चा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही : रेषेखाली म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा कमी. मृत साठा, उपयुक्त साठा यांचं ओझं वाचकावर पडत नाही. मर्यादाही मोठी आहे. गेलं वर्षच दुष्काळी असेल तर यंदाची बेताची स्थितीही दांडी वर दाखवेल. म्हणून त्याच्याजवळ एकूण शिल्लक टीएमसी आकड्यात लिहायचे, हे मी त्या खणाची अट म्हणून नोंदवलंय.

आतलं_पान

हे एका कॉलमात बसेल?

आकडेमोड (धागाकर्ता)

बसेल. आठवड्याला एक दांडी धरली तर जून ते ऑक्टोबर मावतो. रंग लागत नाही, दिशाच पुरे. पावसाळ्यात त्याखाली एक ओळ दौंडची घाला, क्युसेक आणि कंसात "दिवसाला इतके टक्के". पटाची फाइल आणि गाळलेल्या जोड्यांची कारणं खालच्या दुव्यावर ठेवतोय. कुणाकडे नव्वदच्या दशकातली किंवा त्याआधीची कात्रणं असतील तर फोटो काढून पाठवा, विशेषतः फळ्यांचे आणि हाताने काढलेल्या आलेखांचे. तेव्हा शून्य कुठे धरायचे ते मला बघायचंय.